मधेच अडकलेला टप

कालपासून गच्चीवर वाळवणं घालते आहे. ऊन इतकं कडक की अनवाणी गेलं तर पाय उचलून उचलून ठेवावे लागतात. सगळ्यात खाली मी एक जाड, बदामी रंगाचं कापड अंथरते. त्यावर धुतलेलं धोतर, आणि धोतरावर कुरडया. ते जाड कापड तापलं की त्याला वास सुटतो. रबराचा, जुन्या धुळीचा आणि अगदी पुसटसा एरंडेलाचा. शेजारच्या बायका विचारतात, ही ताडपत्री कुठून आणली हो, फार टिकाऊ दिसते. मी म्हणते, घरातच होती. चार माणसांत बोलायला मला कधी जमलं नाही, आणि त्या कापडाची गोष्ट सांगायला बसले तर चीक थंड होऊन सोऱ्यातच बसेल.

इथं मात्र लिहिते. हे कुणी वाचणार नाही, त्यामुळं लाजायचं कारण नाही.

तो उन्हाळा मध्यभारत नावाचं राज्य होतं त्या दिवसांतला. राजे गेले होते, आणि त्यांच्या जागी नक्की काय आलं आहे ते अजून कुणाला नीट उमगलं नव्हतं. सरकार थंडीत ग्वाल्हेरला बसे आणि उन्हाळा लागला की इंदुराला येई. कपाटं, टेबलं, फायलींचे गठ्ठे, कारकून, कारकुनांच्या बायका, त्यांचे पाळणे आणि पिंपं, सगळं स्टेशनावर उतरे. मला ते सरकार पाहून बाळंतपणाला माहेरी निघालेल्या बाईची आठवण यायची. अर्धं सामान इथं, अर्धं तिथं, आणि हवी ती वस्तू नेमकी दुसऱ्या गावी. इंदुरातल्या आमच्या रामबागेत ज्याच्याकडे दोन खोल्या रिकाम्या, तो तेवढे महिने मिशीला तूप लावून फिरायचा.

माझे सासरे, मामंजी, राजांच्या मोटारखान्याचे कामदार होते. पेट्रोलच्या चिठ्ठ्यांवर सही करायची आणि ड्रायव्हर मुजरा नीट करतात की नाही ते पाहायचं, हे त्यांचं काम. गाडीचं चाक त्यांनी जन्मात हातात धरलं नाही. कुणी बॉनेट उघडलं की ते नाकाला रुमाल लावून दोन पावलं मागं सरत. मोटारखाना मोडला तेव्हा एक जुनी अमेरिकन गाडी त्यांना बक्षीस मिळाली. लांबलचक, शेवाळी रंगाची, आणि कापडी टपाची. टप तर टांग्यालाही असतो, पण तो माणूस हातानं ओढतो. ह्या गाडीचा टप बटण दाबलं की आपोआप वर यायचा आणि पुन्हा दाबलं की आपोआप मागं मिटून बसायचा. मागच्या सीटच्या पाठीमागं कुठंतरी एक मोटर घुं घुं करायची. तेवढ्या घुं घुंसाठी गल्लीतली माणसं सायकलवरून उतरत. मामंजी त्या वेळी मान वर करून बघत, जणू टप नव्हे, आभाळच ते उघडून दाखवत होते.

माणसाचा मान गेला की तो कशात तरी जाऊन बसतो. कुणाचा पगडीत बसतो, कुणाचा मिशीत. मामंजींचा त्या टपात जाऊन बसला होता. त्याबद्दल मला त्यांची कीव यायला हवी होती. यायची नाही. रोज सकाळी त्या गाडीभोवती जमणाऱ्या मंडळींना चहा आणि पोहे मी नेऊन देत होते, आणि ज्याला उन्हात उभं राहून दुसऱ्याच्या मानाला फोडणी द्यावी लागते, त्याच्याकडे कीव फारशी उरत नाही.

घरात लग्नाची मुलगी होती. माझी नणंद, कुमुदवन्सं. वयानं माझ्याहून मोठ्या, मॅट्रिक झालेल्या, जिभेच्या तिखट. बाहेरच्या माणसांसमोर मात्र तीच जीभ आत ओढून बसायच्या. स्थळं येऊन गेली होती. एकाला उंची कमी वाटली, एकाला रंग. त्या वर्षी सरकारबरोबर एक स्थळ आलं. मुलाचे वडील सचिवालयात होते आणि तोपखान्याकडे दोन खोल्या घेऊन राहिले होते. मुलगा ग्वाल्हेरला शाळेत गणित शिकवायचा, सुटीला आईवडलांकडे आला होता. वन्संनी त्याला एकदा वाचनालयात पाहिलं होतं. पुस्तक बदलायच्या खिडकीशी त्यानं स्वतः मागं सरून त्यांना पुढं जाऊ दिलं होतं. एवढंच. पण त्या दिवसापासून वन्सं घरातल्या घरातसुद्धा वेणी नीट घालायला लागल्या, आणि त्यांच्याशेजारी बसून गहू निवडणाऱ्या मला ते कळलं.

पत्रिका जुळली. मुलगी बघायची तेवढी राहिली. आषाढ लागला की मुहूर्त बंद, आणि दिवाळीनंतर मुहूर्त निघतील तोवर सरकार ग्वाल्हेरला परत गेलेलं. व्हायचं ते त्याच उन्हाळ्यात व्हायला हवं होतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मामंजींनाही.

मामंजींनी ठरवलं की पाहुण्यांना आणायला गाडी जाईल. गाडी दारात येईल, टप उघडेल, मग पाहुणे उतरतील. आणि दुसऱ्याच सकाळी बटण दाबलं तर टप ढिम्म.

पहिल्यांदा आवाजच नव्हता. बॅटरी बसली असेल म्हणून ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ती काढून भरून आणली. गाडी हेच चालवायचे. मग आवाज आला, घुं घुं झालं, आणि टप एका बाजूनं उचलला, दुसऱ्या बाजूनं नाही. अंगावरून वारं गेलेल्या माणसाच्या तोंडासारखा तिरपा. मंडळी चहा घेत त्याच्याभोवती फिरली. त्यांत एक पेन्शनीतले जज्जसाहेब होते. नोकरी सुटली तरी निकाल देणं सुटलं नव्हतं. ते म्हणाले, कापड आटलं आहे. मग आम्ही बायकांनी बादल्या नेऊन कापडावर पाणी शिंपडलं. टप तिरपाच राहिला, फक्त ओला झाला.

शेवटी महूहून मिस्त्री बोलावला. बलदेव त्याचं नाव. फौजेच्या वर्कशॉपात होता, आणि आल्यापासून जाईपर्यंत आपण कुठल्या कुठल्या साहेबांच्या गाड्या हाताखालून घातल्या तेच सांगत होता. बुटांसकट मागच्या सीटवर आडवा झाला, ती सीट मीच आदल्या दिवशी पुसली होती. आतून दोन नळ्या दाखवून म्हणाला, "ये दो पिचकारी हैं साब. रंगपंचमी को चलाते हो ना, बस वैसी. रंग की जगह तेल. तेल धक्का मारेगा, टप ऊपर जाएगा. एक पिचकारी का तेल बह गया है. इसमें ब्रेक का तेल डलेगा, दूसरा कोई मत डालना." ते तेल त्याच्याजवळ नव्हतं. घेऊन येतो म्हणाला, आमच्या झाडाच्या कैऱ्या पिशवीभर तोडून घेतल्या आणि गेला तो गेलाच. लग्नसराई होती. महूपासून राऊपर्यंत सगळ्या गाड्या वरातींना लागलेल्या, त्याला आमची काय पडली होती.

पोह्यांच्या ताटल्या उचलत असताना पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलं.

जज्जसाहेबांनी विचारलं, "ब्रेकचं काम काय?"

मामंजी म्हणाले, "थांबवणं."

"मग थांबवायचं तेल वर जाणाऱ्या वस्तूत घालायचं? कामदारसाहेब, हा मिस्त्री एक तर अडाणी आहे, नाहीतर लबाड."

सगळ्यांनी माना डोलावल्या. हेही तिथंच उभे होते, त्यांनी डोलावली नाही, पण हलवलीही नाही. मग ठरलं की टपाला चालतं करणारं तेल हवं, आणि सगळ्यांत चालतं यंत्र म्हणजे शिवणयंत्र. माझ्या मशीनच्या खणातली तेलाची बाटली गेली, आणि सियागंजच्या बाजारातून आणखी एक डबा आला.

मी चौथी शिकले. ब्रेकच्या तेलात काय असतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण गोड्या तेलात साखर नसते, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. नावावरून वस्तू ओळखायची चैन ओट्यापाशी परवडत नाही, भाजी नासते. ओसरीवर बसणाऱ्यांची भाजी दुसरं कुणी करतं, त्यामुळं त्यांना ती परवडते.

शिवणयंत्राचं तेल घातल्यावर टप खरंच सरळ वर गेला. टाळ्या पडल्या, पेढे आले, पाहुण्यांना गुरुवारचा निरोप गेला. आणि गुरुवारच्या आत, कुणीही हात न लावता, आतली रबरं त्या तेलात फुगून बसली. बुधवारी टप अर्ध्यावर आला आणि तिथंच थांबला. पुढं येईना, मागं जाईना. जांभई देताना जबडा अडकलेल्या माणसासारखी ती गाडी अंगणात उभी राहिली. टप उभा असल्यामुळं शेडच्या दारातून आत जाईना, आणि तसलं ध्यान घेऊन बाहेर रस्त्यावर न्यायची कुणाची छाती होईना. पाहुण्यांना निरोप गेला, गाडी जरा कामात आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच निरोप.

सासूबाई एकदा हळूच म्हणाल्या, टांग्यानं येऊ देत की पाहुण्यांना. मामंजींनी ताटावरून मान वर न करता विचारलं, मोटारखान्याच्या कामदाराकडे माणसं टांग्यानं येणार? आणि ताक मागितलं.

त्या दिवसांचं मला सगळ्यांत जास्त आठवतं ते हे की, गाडी आमच्या कामी आली. अंगणातलं ऊन दुपारी नेमकं त्या अर्धवट टपावर पडायचं. ताणलेलं कापड, जरा उतरतं, मुंग्यांच्या वाटेपासून उंच. पहिल्यांदा सासूबाईंनी त्यावर धोतर पसरलं, मग वन्संनी आणि मी स्टुलावर चढून कुरडया घातल्या. मागच्या झाकणावर सांडगे. आरशाला मिरच्यांची माळ. मामंजी दुपारी झोपत, तेवढ्यात कुरडयांचा एक हात वाळून निघायचा. खडखडीत, पांढऱ्याशुभ्र. तशा कुरडया आमच्या घरी आधी कधी झाल्या नव्हत्या. वन्सं स्टुलावर उभ्या राहून म्हणायच्या, "वहिनी, राजे ह्यात बसून दसऱ्याला जायचे म्हणे. आता सांडगे बसलेत. चांगले लोक आले." आणि हसता हसता आषाढाला किती दिवस उरले ते बोटांवर मोजायच्या. दिवस जात होते.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू गल्लीत एका घरी होतं. गौरीपुढं कलिंगडाची कमळं, वाटली डाळ, पन्हं. मी नेहमीप्रमाणं दाराजवळच्या कोपऱ्यात. तिथं त्या मुलाच्या आई आल्या होत्या, ठसठशीत बांध्याच्या, मोठ्या आवाजाच्या. मी कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं. शेजारच्या बाईंना त्या विचारत होत्या की ह्या कामदारांच्या मुलीत काही कमी आहे का. आज गाडी बिघडली, उद्या गाडी बिघडली, ही काय गोष्ट झाली. गाडीत बसवूनच दाखवायची म्हणजे लंगडी-बिंगडी तर नाही ना. आम्ही आता उज्जैनचं एक स्थळ बघायला घेतलं आहे.

बिघाड गाडीत आणि खोट मुलीत. पन्ह्याचा पेला मी तसाच खाली ठेवला. ओटीतले भिजवलेले हरभरे पदरात घेऊन घरी आले तेव्हा पदराबरोबर परकरही ओला झाला होता.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ चष्मा पुसला आणि म्हणाले, "दादांना कोण सांगणार?" दादा म्हणजे मामंजी. माझा नवरा चांगला माणूस आहे. कुणाचं वाईट करत नाही, कुणाला लागेलसं बोलत नाही. पण चांगुलपणा आणि घाबरटपणा एकाच रंगाचे असतात, उन्हात धरल्याशिवाय ओळखू येत नाहीत. त्या उन्हाळ्यात मी बऱ्याच गोष्टी उन्हात धरून पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना म्हटलं की तोपखान्याकडे एका बाईंना कुरडया देऊन येते, वन्संना बरोबर नेते. कुठल्या बाई, ते त्यांनी विचारलं नाही. डबा त्यांनीच भरला, काठोकाठ, मोडलेली एकही कुरडई न घालता. आणि वन्संना म्हणाल्या, ती निळी साडी नेस.

टांग्याचा टप ठिकठिकाणी फाटलेला होता, उन्हाचे कवडसे मांडीवर नाचत होते. वन्संनी अर्ध्या वाटेवर ओळखलं. माझ्याकडे नुसतं बघितलं आणि डबा माझ्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला.

बोलायचं काय ते मी रात्रीच पाठ केलं होतं. नमस्कार, ओळख, हवापाणी, मग मूळ विषय. दार उघडलं, त्या बाई समोर उभ्या राहिल्या आणि माझं पाठांतर पार पुसलं गेलं. तोंडातून निघालं ते एवढंच.

"गाडी बिघडली आहे. मुलगी धड आहे. बघून घ्या."

त्या दारातून बाजूला झाल्या. मग म्हणाल्या, "आत तर या. उन्हात उभं राहून कुणी मुलगी दाखवतं का?"

आत सतरंजीवर बसल्यावर त्यांनी विचारलं, एवढं झालं तरी काय गाडीला. मग मी सांगितलं. जज्जसाहेब, ब्रेक, थांबवणारं तेल, चालतं तेल, माझ्या मशीनची बाटली. मी कधी इतकी बोलले नव्हते. त्या बाई हसता हसता पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, हाय राम, आमच्या सचिवालयात असेच बसलेत हो सगळे. त्यांचा मुलगा पाण्याचे पेले घेऊन बाहेर आला होता, तो दारातच उभा राहून ऐकत होता. त्यानं वन्संनाच विचारलं, "मग टप आत्ता वर आहे की खाली?"

वन्संनी मान वर केली. "मधे."

"म्हणजे मध्यभारतातला आहे."

"हो," वन्सं म्हणाल्या. "ना वर, ना खाली. माझ्यासारखाच."

त्यानं हातातला पहिला पेला वन्संच्या पुढं ठेवला. त्या बाईंनी ते पाहिलं आणि डब्यातली एक कच्ची कुरडई मोडून तोंडात टाकली. म्हणाल्या, वाळल्यात मात्र छान, कुठं घालता? वन्संनी सांगितल्यावर त्या पुन्हा हसायला लागल्या. पण त्या हसण्यात आता आम्हीही होतो.

ज्येष्ठात बलदेव मिस्त्री उगवला. पिचकाऱ्या उघडल्या तर आतली रबरं गुलाबजामासारखी फुगलेली. त्यानं शिवणयंत्राच्या तेलाला ज्या शिव्या दिल्या त्या सासूबाईंनी कानांवर हात ठेवून पूर्ण ऐकल्या. नवी रबरं बसवली, सगळं धुऊन काढलं, ब्रेकचं तेल भरलं. त्याचा वास आला तशी सासूबाई म्हणाल्या, हे तर एरंडेल. मिस्त्री म्हणाला, "हां माताजी, आधा वही है." म्हणजे आमच्या राजेशाही गाडीला इतके दिवस नुसता कोठा साफ करायचा होता. टप सरळ वर गेला, सरळ खाली आला. जज्जसाहेब म्हणाले, तेल बदलायला हवं हे मी पहिल्यापासून म्हणत होतो. कुणाचीही पापणी लवली नाही. मला वाटायचं, चूक झाली की माणसाला लाज वाटते. तसं काही नसतं. लाज आम्हा बायकांच्या वाट्याला येते, ती पुरवून पुरवून आम्हीच वापरतो.

पाहुणे आले ते टांग्यानंच. त्या बाईंनीच निरोप पाठवला होता की मला मोटार लागते, टांग्यात वारा लागतो, बरं वाटतं. मुलगी बघायचा कार्यक्रम यथासांग झाला. वन्संनी खाली मान घालून नाव सांगितलं, जणू ते कुणाला ठाऊकच नव्हतं. नंतर मामंजींनी सगळ्यांना अंगणात नेलं आणि बटण दाबलं. घुं घुं झालं. टप उघडला. त्या बाई म्हणाल्या, "वा, कामदारसाहेब, कमालच आहे." आणि टपावरून नजर फिरवत माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांवर खोबरं पसरत होते.

लग्नात टपानं काही दगा दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. वरातीत तो नीट उघडला, नीट मिटला, आणि मामंजी त्या दिवसापासून सांगत सुटले, "टप उघडला आणि मुलीचं नशीब उघडलं." पाहुण्यांना सांगत, दूधवाल्याला सांगत, ताप आला तर डॉक्टरांना सांगत. सांगताना त्यांचे डोळे ओले व्हायचे. मी समोर असायची. मी एका शब्दानं ते खोडलं नाही, हेही नाहीत, सासूबाईही नाहीत. त्यांना दुसरं काय होतं? आता हे लिहिताना मला थोडी कीव येते म्हणायची. थोडीच.

पुढं मध्यभारतही मिटला. कपाटं आणि फायली भोपाळला गेल्या त्या पुन्हा उन्हाळ्यात आल्या नाहीत, रामबागेतल्या मिशा खाली आल्या. मामंजी गेले. गाडी गंजून भंगारात निघाली तेव्हा हे दारात उभे राहून रडले. भंगारवाला टप फाडून काढायला लागला तसं मी आतूनच सांगितलं की तो इथंच ठेवा. ह्यांना वाटलं, वडलांची आठवण म्हणून. मी तो उचलून न्हाणीत नेला. चार वेळा साबणाच्या पाण्यात घातला, तरी वास गेला नाही.

उद्या वन्सं येणार आहेत. दर उन्हाळ्यात येतात, कुरडयांचा डबा घेऊन ग्वाल्हेरला जातात. आल्या की चहाच्याही आधी गच्चीवर चढतील, धोतराचं टोक उचलून कापड बोटांनी चाचपतील, आणि दरवर्षीसारखं विचारतील, "वहिनी, टप कुठं आहे?"

"खाली," मी सांगेन. "कुरडयांच्या खाली."